सिगारेटचा वास लागलेली जुनी वस्तू ऑनलाइन विकताना काय तपासायचं, काय लिहायचं

जुनी वस्तू ऑनलाइन विकायला काढली की ओरखडे, डाग, उसवलेली शिवण हे सगळं फोटोत दाखवता येतं. वास मात्र पार्सल उघडल्यावरच कळतो, आणि तोवर पैसे दिलेले असतात. सिगारेटच्या वासावरून होणारी भांडणं म्हणूनच फार चिघळतात. घेणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं, विकणाऱ्याला खरोखरच काही जाणवलेलं नसतं, आणि आपलं म्हणणं फोटो काढून सिद्ध करणं दोघांनाही शक्य नसतं.

मी बरीच वर्षं पुस्तकं, कॅमेरे आणि लोकरीचे कपडे विकते. त्यातल्या कितीतरी वस्तू धूम्रपान करणाऱ्यांच्या घरातून आलेल्या असतात, आणि त्या विकल्याही जातात. वास असलेली वस्तू विकायला हरकत नाही, ती गुपचूप विकायला आहे. पहिल्यांदाच विकायला बसलेल्यांसाठी माझी पद्धत इथे क्रमाने लिहिते आहे.

हाताशी काय हवं

- झाकण घट्ट बसणारा मोठा डबा किंवा झिपच्या पिशव्या (आधी त्या रिकाम्या हुंगून पाहा, काही प्लास्टिकला स्वतःचाच वास असतो)
- पांढरं सुती कापड किंवा कापसाचे बोळे
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पांढरं व्हिनेगर
- सिगारेट न ओढणारी आणि तुमच्या घरात न राहणारी एक व्यक्ती
- वस्तू कुणाकडून आली, कुठे ठेवली होती याचं टिपण. जुनी पावती किंवा चॅट असेल तर तेही
- धूर न लागलेलं पॅकिंगचं सामान

१. स्वतःच्या नाकावर विसंबू नका

एखादा वास सतत आसपास असला की थोड्याच वेळात आपल्याला तो जाणवेनासा होतो. घरात रोज सिगारेट ओढली जात असेल तर तिथे राहणाऱ्याला घराचा वास येतच नाही, आणि जो स्वतः ओढतो त्याची घ्राणशक्तीही मंदावलेली असू शकते. तेव्हा "मला तर काही वास येत नाही" हे तुमच्या दृष्टीने अगदी खरं असलं, तरी घेणाऱ्याच्या ते काही कामाचं नाही.

वास इतका चिवट का, हेही समजून घ्या. धुरातले बारीक कण आणि निकोटीन कापड, फोम, कागद, रंगवलेल्या भिंती अशा सगळ्यांवर बसतात आणि तिथून महिनोन्‌महिने हळूहळू हवेत परत येत राहतात. या थराला इंग्रजीत थर्डहँड स्मोक म्हणतात आणि २००९ पासून वैद्यकीय लेखनात तो शब्द रुळला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीच्या संशोधकांनी दाखवलं की पृष्ठभागावर बसलेल्या निकोटीनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी अभिक्रिया होऊन नायट्रोसामाइन्स तयार होतात. त्यांतली काही कर्करोगकारक म्हणून ओळखली जातात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरं साफ होऊन जवळपास दोन महिने रिकामी राहिल्यानंतरही तिथल्या धुळीत आणि पृष्ठभागांवर निकोटीन सापडलं.

हे सांगण्यामागे घाबरवण्याचा हेतू नाही. रांगतं बाळ किंवा दम्याचा रुग्ण घरात असलेली व्यक्ती चॅटवर "घरात कुणी सिगारेट ओढतं का?" असं विचारते, तेव्हा ती नखरे करत नसते, एवढं मनात असू द्या.

२. वस्तूचा इतिहास लिहून काढा

या सगळ्या लेखातली ही मुख्य पायरी. वास किती आहे हे मत झालं. ते माणसागणिक बदलतं. वस्तू कुठल्या घरात होती, तिथे कोण ओढायचं, हा इतिहास झाला, आणि तो बदलत नाही. लिस्टिंगमध्ये, म्हणजे साइटवर टाकलेल्या विक्रीच्या जाहिरातीत, इतिहास आधी यायला हवा, मत त्यानंतर.

फोटो काढायच्या आधीच या प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा:

- वस्तू माझ्याकडे असताना घरात कुणी ओढायचं का? त्याच खोलीत, दुसऱ्या खोलीत, बाल्कनीत की गाडीत?
- आता बंद झालं असेल तर साधारण कधीपासून?
- माझ्याआधी वस्तू कुणाकडे होती? त्या घराबद्दल मला काय माहीत आहे?
- मधल्या काळात ती कशात ठेवली होती? धूर लागलेल्या कपड्यांसोबत एकाच कपाटात?
- व्हेप (ई-सिगारेट), सिगार, हुक्का यांतलं काही? व्हेपचा धूर लवकर विरतो, पण त्यातल्या ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉलचा पातळ थर काचेवर, स्क्रीनवर बसतो आणि गोडसर वास ठेवतो. तोही सांगायचा.

"माहीत नाही" हेही उत्तर आहे. ते तसंच लिहा. अंदाजाने "नाही" लिहू नका.

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ बाल्कनीवरून होतो. घरातलं माणूस बाल्कनीत जाऊन ओढत असेल तर बरेच जण बिनदिक्कत "धूम्रपानमुक्त घर" लिहून मोकळे होतात. पण धूर दारातून आत येतो, आणि ओढणाऱ्याच्या कपड्यांवरून, केसांवरूनही येतो. "घराच्या आत कुणी ओढत नाही, बाल्कनीत ओढतात" असं सरळ वाक्य लिहिलं की झालं. वाचणारा ठरवेल त्याला चालतं का.

दुसरा गोंधळ जागेवरून. तुम्ही स्वतः ओढत नाही, पण भाड्याच्या ज्या खोलीत राहायला आलात तिथे आधीचा भाडेकरू ओढायचा. आठ-दहा महिने त्या भिंतीला टेकून राहिलेल्या गादीबद्दल "धूर लागलेला नाही" असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

३. बंद डब्याची चाचणी करा

मोकळ्या हवेत वास विरून जातो. पार्सलमध्ये तो कोंडतो. शिवाय पार्सल वाटेत तापतं, आणि उष्णतेने वास आणखी सुटतो. म्हणून तुम्हाला टेबलावर निर्वास वाटलेली वस्तू समोरच्याच्या घरी खोकं उघडताच भपकारा सोडते. ही परिस्थिती घरीच तयार करायची.

१) वस्तू कोरडी करून स्वच्छ डब्यात किंवा पिशवीत ठेवा आणि २४ तास बंद करा. खोली थंडगार नको. वस्तूला चालणार असेल तर डबा थोडा वेळ उबदार जागी ठेवा.

२) तसाच दुसरा डबा घ्या आणि त्यात नवीन, कधीच धूर न लागलेलं काहीतरी ठेवा, म्हणजे घडी न मोडलेलं सुती कापड वगैरे.

३) दोन्ही डबे घराबाहेर न्या. घरातच उघडले तर घराचाच वास येणार.

४) बाहेरच्या व्यक्तीला दोन्ही उघडून हुंगायला सांगा. "सिगारेटचा वास येतोय का बघ" असं म्हणू नका. तसं म्हटलं की माणूस तोच वास शोधू लागतो, नाहीतर तुमचं मन राखायला "छे, काही नाही" म्हणतो. फक्त विचारा: "कशाचा वास येतोय?" एकाच नाकाला ओळीने चार-पाच वस्तू देऊ नका. मध्ये मोकळ्या हवेत थांबू द्या.

५) जे उत्तर मिळेल ते त्याच शब्दांत टिपून ठेवा. "झाकण काढल्याबरोबर आला", "नाक अगदी जवळ नेल्यावर आला", "आला नाही" ही तीन उत्तरं लिस्टिंगला पुरतात. दहापैकी किती गुण वगैरे भानगडीत पडू नका.

असं माणूस मिळतच नसेल तर चाचणीचा आव आणू नका. "आमच्या घरात धूम्रपान होतं, त्यामुळे वासाची खात्री देता येत नाही" असं लिहा. माझ्या अनुभवात हे वाक्य वाचून पळणाऱ्यांपेक्षा थांबून प्रश्न विचारणारेच जास्त असतात.

४. वास नेमका कुठे दडतो

*कपडे.* बाहेरचं कापड धुतलं तरी अस्तर, खांद्याचे पॅड, खिशांचे तळ आणि काखेखालचे जोड वास धरून असतात. लोकर सगळ्यात हट्टी. कपड्यावर इस्त्रीची वाफ सोडून पाहा. ओलावा आणि ऊब मिळाली की झोपलेला वास जागा होतो. पावसाळी दमट दिवशी घेणाऱ्याच्या घरीही हेच घडणार असतं.

*पुस्तकं.* मुखपृष्ठ हुंगून काही कळत नाही. पुस्तक मधोमध उघडून पानं जिथे शिवलेली असतात त्या घळीत नाक न्या. वरची कड पाहा: धुराच्या घरात ती पिवळट-तपकिरी झालेली असते. कागद वयानेही पिवळा पडतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका. कुबट वास आणि सिगारेटचा वास यातही फरक आहे. कुबट वासामागे बुरशी असू शकते, तिचा उल्लेख वेगळा करा.

*इलेक्ट्रॉनिक्स.* पंखा असलेलं प्रत्येक यंत्र खोलीतली हवा ओढून घेतं. संगणक, प्रोजेक्टर, गेमिंग कन्सोल यांच्या आत धूळ आणि धुरातलं डांबर (टार) मिळून चिकट, तपकिरी लेप तयार होतो. बंद असताना वास येत नाही, तापल्यावर येतो. म्हणून तासभर चालू ठेवून मग पंख्याजवळ हुंगा. लेप जाड असेल तर यंत्र थंड राहायलाही अडचण होते, म्हणजे तो वासापुरता दोष राहत नाही, तेही लिहावं लागेल.

पांढरं प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर अल्कोहोलमध्ये भिजवलेला बोळा न दिसणाऱ्या कोपऱ्यात फिरवा. बोळ्यावर पिवळा-तपकिरी रंग उतरला तर बहुतेक धुराचा थर. काहीच उतरलं नाही तर प्लास्टिक वयाने आणि उन्हाने पिवळं पडलेलं असण्याची शक्यता जास्त. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर मात्र अल्कोहोल लावू नका, बारीक तडे जातात.

*कॅमेरे, वाद्यं.* मूळ वस्तूपेक्षा पेटी जास्त वास धरते. चामड्याचं कव्हर, मखमली अस्तराची गिटारची पेटी, फोमचे कप्पे हे वेगळे हुंगा आणि वर्णनातही त्यांचा वेगळा उल्लेख करा. "वाद्याला वास नाही, पेटीला आहे" ही माहिती घेणाऱ्याला फार उपयोगी, कारण पेटी बदलता येते.

*लाकडी सामान.* बाहेर पॉलिश असतं, ते पुसलं जातं. ड्रॉवरच्या आतलं आणि पाठीमागचं लाकूड बहुधा कोरंच असतं, वास तिथे मुरतो. सगळे ड्रॉवर दिवसभर बंद ठेवा आणि मग उघडा.

काच, स्टील, चिनी मातीची भांडी धुतली की प्रश्न मिटतो. त्यांच्यासाठी एवढी यातायात नको.

५. साफ करा, वास झाकू नका

निकोटीन अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, असल्याने पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने टणक पृष्ठभागावरून ते चांगलं निघतं. चिकट डांबराला अल्कोहोल. दोन अपवाद लक्षात ठेवा: शेलॅकचं (लाखेचं) पॉलिश अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि ग्रामोफोनच्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्याही बहुधा शेलॅकच्याच असतात. संगमरवरावर व्हिनेगर नको.

पुस्तकांसाठी बंद डब्यात तळाशी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची (वास शोषणाऱ्या कोळशाची) पुडी आणि वर, तिला न टेकता, उभं अर्धवट उघडं पुस्तक, असे काही आठवडे. फरक पडतो, पण वास पुरता जाईलच असं नाही. पानांत खायचा सोडा भुरभुरायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो शिवणीत अडकून बसतो आणि मग निघता निघत नाही.

परफ्युम, सुगंधी स्प्रे, सुवासिक पुड्या यांतलं काहीही नको. दोन-चार दिवसांत सुगंध उडतो, सिगारेट उरते, आणि झाकायचा प्रयत्न केला होता हे घेणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. शिवाय ज्याला धुराचा त्रास होतो त्याला बहुधा परफ्युमचाही होतो.

ओझोन यंत्राच्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक असतो, त्याने रबर तडकतं, रंग फिके पडतात, आणि निकोटीनशी त्याची अभिक्रिया होऊन नवेच पदार्थ तयार होतात. कुणी आधीच वापरलं असेल तर तेही वर्णनात सांगा.

साफसफाईनंतर तिसऱ्या पायरीतली चाचणी पुन्हा करा. लिस्टिंगमध्ये जायचा तो या दुसऱ्या चाचणीचा निकाल.

६. आता वर्णन लिहा

चांगल्या वर्णनात चार गोष्टी येतात: धूर कुठून लागला, काय साफ केलं, चाचणीत काय आढळलं, कुणी घेऊ नये. काही नमुने देते, आपापल्या वस्तूप्रमाणे बदला.

वास आहे तेव्हा:
"या कोटाचे आधीचे मालक घरात सिगारेट ओढत. कोट ड्रायक्लीन केला आहे, तरी अस्तराला आणि खिशांना वास आहे. २४ तास बंद पिशवीत ठेवून उघडल्यावर धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीला तो लगेच जाणवला. धुराच्या वासाचा त्रास होत असेल तर कृपया घेऊ नका."

वास जाणवला नाही, पण इतिहास आहे तेव्हा:
"आमच्या घरात बाल्कनीत सिगारेट ओढली जाते. पुस्तकं आतल्या खोलीत, काचेच्या कपाटात होती. बंद डब्यात २४ तास ठेवून धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीने तपासली, वास जाणवला नाही."

अर्धाच इतिहास ठाऊक असतो तेव्हा:
"लेन्स मी स्वतः जुनी घेतली. माझ्या घरात कुणी सिगारेट ओढत नाही. त्याआधीचं मला माहीत नाही. लेन्सला वास आला नाही, चामड्याच्या कव्हरला नाक जवळ नेल्यावर हलका वास येतो."

"वास नाही" आणि "वास जाणवला नाही" यांतलं दुसरं लिहा. पहिल्यात तुम्ही जगातल्या सगळ्या नाकांची हमी घेताय.

हे लिहू नका:

- "जुन्या वस्तूंना येतो तसा वास." सिगारेट हा शब्द टाळायला काढलेली ही पळवाट आहे. तक्रार आली की ती तुमच्याच अंगाशी येते.
- "दोन दिवस उन्हात ठेवलं की जाईल." इतकं सोपं असतं तर तुम्हीच ठेवलं असतं, असं घेणारा म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल.
- "वासाबद्दल चॅटवर विचारा." जे माहीत आहे ते आधीच सांगा.
- "आहे त्या स्थितीत, परत घेणार नाही." या वाक्याने न सांगितलेला दोष सांगितल्यासारखा होत नाही. बहुतेक साइटवर वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर तुमची 'परत घेणार नाही' ही अट बाजूला ठेवली जाते.

जागाही महत्त्वाची. मोबाइलवर वर्णनाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं 'आणखी वाचा'खाली दडतं. वासाचं वाक्य त्या पहिल्या ओळींत हवं. वास तीव्र असेल तर शीर्षकातच "धुराचा वास आहे" असं टाका. एकच वस्तू चार ठिकाणी टाकली असेल तर चारही ठिकाणी.

७. किंमत

फार विचार करू नका. तशीच, वास नसलेली वस्तू कितीला विकली गेली ते पाहा आणि घेणाऱ्याला साफसफाईला जेवढा खर्च येईल त्याहून थोडं जास्त कमी करा. लहान मुलांचे कपडे, मऊ खेळणी, पांघरुणं यांना तीव्र वास असेल तर मी ती विकतच नाही.

८. व्यवहार ठरण्याआधी

तुटणारी किंवा महाग वस्तू असेल तर पैसे घेण्याआधी चॅटवर एक ओळ टाका: "वर्णनात सिगारेटच्या वासाबद्दल लिहिलं आहे, ते पाहिलंत ना?" समोरच्याचं "हो" लेखी मिळालं की दोघांचीही काळजी मिटते. हे साइटच्याच चॅटमध्ये करा. फोनवरचं बोलणं नंतर कुणालाच दाखवता येत नाही. व्यवहार झाल्या दिवशी लिस्टिंगचा स्क्रीनशॉट काढा, कारण विक्रीनंतर ती काही ठिकाणी दिसेनाशी होते.

९. पॅकिंग

वस्तू स्वच्छ आणि खोकं धुराचं, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतो. पुठ्ठा, रद्दी वर्तमानपत्र, कापडी पिशव्या हे सगळे वास शोषतात. घरात कुणी ओढत असेल तर पॅकिंगचं सामान बंद पेटीत ठेवा आणि पॅकिंग धूर नसलेल्या जागी करा, ओढून आल्या आल्या तर नकोच. वस्तू आधी घट्ट पिशवीत, मग खोक्यात. एका पार्सलमध्ये दोन वस्तू जात असतील आणि एकीलाच वास असेल तर दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करा, नाहीतर पोचेपर्यंत दोन्ही सारख्याच झालेल्या असतील.

१०. तरीही तक्रार आली तर

"मला तर वास येत नव्हता" हे पहिलं वाक्य असू नये. समोरच्याला काय जाणवलं ते ऐका आणि दोनच प्रश्न विचारा: वास खोक्याला आहे की वस्तूला, आणि काही वेळ मोकळ्या हवेत ठेवल्यावर कमी झाला का? खोक्याचा असेल तर बऱ्याचदा प्रकरण तिथेच संपतं.

वर्णनात वास सांगितलेला असेल तर स्क्रीनशॉट आणि चॅटमधलं "हो" शांतपणे दाखवा. सांगितलेला नसेल तर वाद घालू नका. परत घ्या, परतीचा खर्च उचला, किंवा समोरच्याला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर काही रक्कम परत द्या. चांगला अभिप्राय दिला तरच पैसे परत, असली अट घालू नका. बऱ्याच साइटवर त्यासाठी खातं बंद होऊ शकतं.

परत आलेली वस्तू त्याच मजकुराने पुन्हा टाकू नका. आता एका परक्या नाकाचा निकाल तुमच्या हातात आहे. बंद डब्याची चाचणी नव्याने करा, वर्णनाच्या पहिल्या ओळीत "आधीच्या ग्राहकाला सिगारेटचा वास जाणवल्यामुळे परत आली" असं लिहा, आणि मगच ती पुन्हा विक्रीला लावा.